फोर्तालेझाचा डबा

अबुधाबीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. अर्धं सामान खोक्यांतच होतं आणि पडद्यांच्या जागी मी चादरी लावल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात चौकड्यांचा बुशशर्ट घातलेला, पन्नाशीकडे झुकलेला एक किडकिडीत गृहस्थ उभा होता आणि त्याच्यामागे, पाठीवर जवळजवळ स्वतःएवढी सॅक घेतलेली, उन्हानं लालबुंद झालेली एक गोरी मुलगी. गृहस्थानं दारावरची पाटी वाचून खात्री करून घेतली आणि म्हणाला, "वहिनी, ही न्यूझीलंडची. शाळेत शिकवते, वॉचमन म्हणाला तुम्हीपण टीचर आहात. दोन रात्री तुमच्याकडे झोपेल."

मी नवऱ्याकडे, प्रकाशकडे पाहिलं. प्रकाशनं जमिनीकडे पाहिलं. शेवटी मीच विचारलं, "आपण कोण?"

"मी आरोसकर. वरच्या मजल्यावर राहतो, चारशे तीन. ही माझीच पाहुणी, पण मी एकटा माणूस. घरात बाई पाहुणी ठेवली तर उद्या मला यल्ला, चल नीघ म्हणून विमानात बसवून देतील. तुम्ही फॅमिलीवाले." मग त्या मुलीकडे वळून त्यांनी भरघोस आश्वासन दिलं, "गुड फॅमिली. व्हेरी गुड फॅमिली." आम्हाला ओळखून त्यांना दोन मिनिटं झाली होती.

ती मुलगी खरंच दोन रात्री राहिली. माझी पाच वर्षांची मीनू तिच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. मी मात्र दोन्ही दिवस फणफणत होते. मुलगी गेल्यावर आरोसकर खाली आले ते हातात सुरमईचे चार तुकडे घेऊन, आणि विचारलं काय, तर "वहिनी, भाजी कुठं घेता?" मी म्हटलं, खालच्या ग्रोसरीत. त्यांना इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या शुक्रवारी सकाळी ते मला आणि प्रकाशला बंदराजवळच्या भाजीबाजारात घेऊन गेले. तिथल्या पठाणाकडून त्यांनी मला अळूची पानं मिळवून दिली. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर रागावणं जरा कमी केलं.

श्रीधर आरोसकर मूळचे वेंगुर्ल्याचे. मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये ते ड्राफ्ट्समन होते. तेलाच्या टाक्यांचे जिने, कठडे, शिड्या यांची ड्रॉइंग काढायची, हे त्यांचं काम. पहाटे साडेपाचला कंपनीची बस यायची आणि संध्याकाळी सहाला त्यांना परत आणून टाकायची. लग्न केलं नव्हतं. तीन बहिणी होत्या. त्यांची लग्नं, बाळंतपणं, मग त्यातल्या एकीच्या नवऱ्याचं दुकान, असं सगळं उरकेपर्यंत त्यांची लग्न करायची हौस आणि वय दोन्ही निघून गेली. याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. "माझं राहूनच गेलं," एवढंच म्हणायचे, एखादं पत्र टाकायचं राहून जावं तसं.

त्यांच्या घरात एकच खोली होती. खोलीत पलंग, ड्रॉइंग बोर्ड, फ्रिज आणि पाहुण्यासाठी गुंडाळून ठेवलेली गादी. कपाटावर एक पातळ, स्टेपल केलेली पुस्तिका असायची. अनोळखी प्रवाशाला आपल्या घरी दोन रात्री फुकट झोपू देणाऱ्या, जगभरातल्या लोकांची ती यादी होती. नाव, पत्ता, भाषा कुठली येते, घरात कुत्रा आहे का, असं सगळं त्यात छापलेलं असे. दर वर्षी ती पोस्टानं यायची आणि आरोसकर ती पंचांगासारखी नित्यनेमानं वाचायचे. त्यांचंही नाव त्यात होतं. पुढे लिहिलं होतं: एक गादी, इंग्रजी, हिंदी, मराठी, मासे मिळतील, सिगारेट चालणार नाही.

पुरुष पाहुणे वर त्यांच्याकडे आणि बायका खाली आमच्याकडे, अशी वाटणी मला न विचारताच ठरून गेली. वर्षाला तीन-चार जण यायचे. आरोसकर प्रत्येकाला आल्या आल्या पाणी द्यायच्या आधी घराची दुसरी चावी द्यायचे. मी एकदा म्हटलं, अहो, चोर निघाला तर? ते म्हणाले, "माझ्याकडे चोरण्यासारखा एकच फ्रिज आहे. तो चौथ्या मजल्यावरून उतरवेल त्याला न्यायचा हक्क आहे."

स्वतः पाहुणा म्हणून जायचं तर त्याचेही त्यांचे नियम होते. तिसऱ्या दिवशी निघायचंच, यजमानानं कितीही थांबवलं तरी. आपली कपबशी आपण विसळायची. आणि पहिल्या दिवशी भाजी कुठं घेता हे विचारून, पिशवी उचलून, घरच्या बाईबरोबर बाजारात जायचं. "हॉटेलातला मॅनेजर सांगेल का तुम्हाला, दुधी कोवळा कुठं मिळतो ते?" असं ते शुक्रवारी सुट्टीला जमणाऱ्या आमच्या मराठी मंडळींत विचारायचे. मंडळी हसायची. कारण गल्फमधला माणूस रजा मिळाली की सुटकेस भरून घरी जातो, लोकांच्या घरी नाही. आरोसकरही बहिणींची लग्नं होईपर्यंत घरीच जायचे. मग एका वर्षी त्यांनी दोन महिन्यांची रजा घेतली आणि जाहीर केलं की मी ब्राझीलला जातोय.

"ब्राझीलला कोण आहे तुमचं?" मी विचारलं.

"काजू," ते म्हणाले.

वेंगुर्ल्याला त्यांच्या वडिलांची काजूची बाग होती. शाळेत कुणीतरी मास्तरांनी सांगितलं होतं की काजू आपला नाही, पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आणला. हे ऐकून आठ-नऊ वर्षांचा श्रीधर घरी जाऊन बागेत रडला होता म्हणे. आपल्या घरची म्हणून समजत होतो ती झाडं परक्याची निघाली, या दुःखानं. वडिलांनी समजूत घातली की अरे, परकी कसली, लग्न करून आलेली आहेत, तुझी आईसुद्धा मालवणाहून आली. तेव्हापासून ब्राझील म्हणजे काजूचं माहेर आणि ते एकदा बघायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या प्रवासाच्या गोष्टी आम्ही पुढे कित्येक शुक्रवार ऐकल्या. दोनदा विमान बदलून ते साओ पावलोला उतरले. पुस्तिकेतले पत्ते काढून त्यांनी चार महिने आधीपासून पत्रं पाठवली होती. पंधरा पत्रांपैकी पाचांची उत्तरं आली आणि तेवढ्यावर त्यांनी सबंध देश ओलांडायचं ठरवलं होतं. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला रात्रीचीच बस धरायची, म्हणजे एक मुक्काम वाचतो. जेवायला तिथं वजनावर अन्न देणाऱ्या खानावळी असतात, ताट भरायचं आणि काट्यावर ठेवायचं. आरोसकरांनी पहिल्याच दिवशी अभ्यास करून टाकला की भात आणि कालवण वजनाला मार खातात, पालेभाजी आणि तळलेली केळी परवडतात. शहरातल्या बसमध्ये मागच्या दारानं चढायचं, आत कंडक्टरपाशी फिरतं लोखंडी फाटक असतं. त्यात ते सॅकसकट अडकले आणि अख्ख्या बसनं मिळून त्यांना ओढून काढलं. भाषेचं काय केलं, असं मी विचारलं. "अहो, अर्धी भाषा आपलीच आहे. बटाट्याला बटाटाच म्हणतात. चावीला शावी. पाव, कोबी, बालदी सगळं आहे. बाथरूममध्ये गरम पाण्याच्या फवाऱ्यालाच विजेच्या वायरी लावलेल्या. मी म्हटलं आपल्याला नको बाबा, आणि बालदी मागितली. लगेच मिळाली."

उपाशीही राहिले. साओ पावलोला ज्यांच्याकडे उतरले ते दोघं नवराबायको फार सज्जन, पण पहिल्या रात्री जेवायचं विचारल्यावर आरोसकर आपल्या रीतीप्रमाणे म्हणाले, नको नको, पोट भरलंय. आता ते पुन्हा विचारतील, मग आपण थोडं घेऊ म्हणावं, असा हिशेब. त्या दोघांनी हसून मान डोलावली आणि ताटं उचलली. दुसऱ्या रात्रीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी बस स्टँडवर आरोसकरांनी सात पाव खाल्ले. "चूक माझी होती," ते म्हणायचे. "ते बिचारे माझ्या शब्दावर विश्वास ठेवत होते."

आणि म्हणूनच फोर्तालेझाची दोना लुर्देस त्यांना देवासारखी भेटली. हे समुद्राकाठचं शहर ब्राझीलच्या पार उत्तरेकडे, काजूच्या मुलखात. दोना म्हणजे आपलं बाई. लुर्देस सत्तरीची, नवरा गेलेला, शिवणकाम करणारी. तिच्या मुलीनं, तेरेझानं, हौसेनं पुस्तिकेत नाव घातलं होतं. आरोसकर पोचले आणि पहिल्या जेवणाला नको म्हणाले. दोना लुर्देसनं ऐकून घेतलं आणि ताट वाढलं. ते पुन्हा नको म्हणाले. तिनं आणखी एक डाव वाढला. "वहिनी, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या लांब येऊन कुणीतरी आग्रह केला."

घराच्या मागे काजूची तीन झाडं होती. आपल्याकडे काजू मार्चात येतो, तिथं ऐन नोव्हेंबरात झाडं लगडलेली. आपण बोंडं टाकून बिया जपतो, तिथं ती माणसं बोंडांचा रस काढत होती, बोंडं साखरेत शिजवत होती. आरोसकरांनी तीन दिवस तिच्याबरोबर बोंडं पिळली. तिसऱ्या दिवशी निघायचं, हा नियम त्यांनी आयुष्यात तिथं एकदाच मोडला, पाच दिवस राहिले. दुपारी भिंतीतल्या कड्यांना टांगलेल्या झोळीत झोपायचे, संध्याकाळी पिशवी घेऊन बाजारात जायचे. निघताना बसमध्ये खायला म्हणून तिनं त्यांना तिथल्या साबुदाण्याच्या पिठाची, आत ओलं खोबरं घातलेली घावनं आणि केकचे तुकडे बांधून दिले. कशात, तर आइस्क्रीमच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात. निळं झाकण, दोन लिटरचा.

तो डबा आरोसकर अबुधाबीला घेऊन आले.

साबणानं धुऊन, पुसून, त्यांनी तो फ्रिजवर ठेवला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हटलं, काय हो हा, आइस्क्रीम आणलंत की काय ब्राझीलहून? त्यांनी सांगितलं की हा दोना लुर्देसचा डबा आहे, परत करायचाय.

"अहो, आइस्क्रीमचा डबा तो," मी म्हटलं. "टाकून द्या. तिनं तरी कशाला परत मागितलाय?"

"आइस्क्रीमचा असो नाहीतर चांदीचा. भरून दिलाय ना तिनं? मग रिकामा कसा परत करणार?"

"मग पार्सल करा."

"सत्तर दिरहम लागतील, म्हणजे साडेसहाशे रुपये," प्रकाश मध्येच म्हणाला. आम्हा गल्फवाल्यांना ही खोडच असते.

"सत्तर दिरहमचं नाही हो," आरोसकर म्हणाले. "शेजारणीचा डबा कुणी पोस्टानं पाठवतं का? जाऊन द्यायचा असतो."

शुक्रवारच्या मंडळींना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. कुणी म्हणे, आरोसकरांनी परदेशी बायकोऐवजी परदेशी डबा आणला. आरोसकर हसायचे, पण डब्याला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांनी दोना लुर्देसला पत्र लिहिलं, डिक्शनरी घेऊन, पोर्तुगीजमध्ये, की तुमचा डबा माझ्याकडे सुखरूप आहे आणि मी तो घेऊन येईन. तिचं उत्तर आलं. ते उत्तर त्यांनी मला शब्दाला शब्द लावून वाचून दाखवलं. कुठला डबा? माझ्याकडे असे खूप आहेत. तू कधी येतोस?

"बघा, संकोच करतेय," आरोसकर म्हणाले.

दोन वर्षांनी पुन्हा रजा आली. त्या वेळी कंपनीला मोठं काम मिळालं आणि सगळ्यांच्या रजा खलास. त्याच्या पुढच्या रजेला धाकट्या बहिणीचं ऑपरेशन निघालं, तेव्हा वेंगुर्ल्याला गेले. मध्ये त्यांना डायबेटीस निघाला. प्रत्येक वेळी ते वर्ष पुढे ढकलायचे आणि दोना लुर्देसला पत्र टाकायचे की या वर्षी जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की. तिची पत्रं आखूड होत गेली. मग अक्षर बदललं, आईच्या वतीनं तेरेझा लिहायला लागली. त्या दिवशी आरोसकर ते पत्र घेऊन आमच्याकडे चहाला आले. म्हणाले, "वहिनी, ती सत्त्याहत्तरची झाली असेल. मी हा डबा कुणाला देणार मग?"

तोवर मला तो डबा म्हणजे एका एकट्या माणसाचा चाळा वाटत होता. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की त्यांना खरोखर भीती वाटते आहे. मी म्हटलं, या वर्षी जा. काहीही झालं तरी जा. लाडू मी करून देते.

लाडू त्यांनी मला करू दिले नाहीत. बेसन मी भाजलं, आमच्या ओट्याशी, पण वळायला ते स्वतः बसले. माझा हात लागला पाहिजे म्हणाले. ड्राफ्ट्समनच तो, प्रत्येक लाडू आधीच्याशी ताडून पाहायचा. डब्यात तेवीस बसत होते, चोविसाव्यासाठी त्यांनी तीनदा रचना बदलली. मीनू आता शाळेत वरच्या वर्गात होती, ती दारात उभी राहून म्हणाली, "काका, इट्स जस्ट अ लाडू." ते म्हणाले, "हो ना बेटा, म्हणून तर."

महिन्याभरानं आरोसकर परत आले. मी वर गेले तर डबा फ्रिजवर होता.

मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, नाही नाही, आहे ती, बरी आहे. मग बसून सगळं सांगितलं, अगदी सावकाश.

ते फाटकाशी पोचले तेव्हा दोना लुर्देस ओटीवर खुर्चीत बसली होती. तिनं त्यांना ओळखलं नाही. तेरेझानं पत्रात लिहायचं टाळलं होतं, पण वर्षभर आई कुणालाच नीट ओळखत नव्हती. तिनं त्यांच्या हातातला डबा मात्र पाहिला आणि तिचा चेहरा खुलला. तिला वाटलं आइस्क्रीम आलं. "मी उघडून दिला. आत लाडू. मला वाटलं आता हिरमुसणार. पण तिनं एक घेतला, खाल्ला, आणि तेरेझाला म्हणाली, छान आहे, आपला शेंगदाण्याचा असतो त्यापेक्षा मऊ आहे. मग दुसरा घेतला. मला विचारलं, तू कुठून आलास? मी सांगितलं. तिनं परत विचारलं. मी परत सांगितलं. दोन दिवस तेच."

"मग डबा परत कसा आला?" मी विचारलं.

आरोसकर हसले. "निघायच्या दिवशी मी पाया पडलो. तिनं विचारलं, बस किती वाजता आहे? सांगितलं, दोनला. तर उठली वहिनी. भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरात गेली. तेरेझा आई बस, आई बस म्हणतेय, ऐकायला तयार नाही. लाडू काढून ताटलीत ठेवले, डबा विसळला, घावनं केली आणि भरून माझ्या हातात दिला. माझं नाव विसरली, डबा भरायचा विसरली नाही."

मग म्हणाले, "सात वर्षं मी म्हणत होतो परत करायचाय, परत करायचाय. घेऊन गेलो तेवढाच घेऊन आलो." एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. मी चहा टाकायला उठले, कारण मलाही रडू येत होतं आणि आम्हा दोघांनाही एकमेकांसमोर रडायची सवय नव्हती.

त्यानंतर वर्षभरातच त्यांची साठी आली. साठीनंतर त्यांची कंपनी व्हिसा वाढवत नसे. तीस वर्षांचा संसार त्यांनी दोन सुटकेसमध्ये भरला. ड्रॉइंग बोर्ड वर्कशॉपमधल्या एका केरळी मुलाला दिला, गादी वॉचमनला. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते खाली आले आणि तो डबा माझ्या हातात ठेवला. जड होता. आत बेसनाचे लाडू होते, चोवीस.

"हा तुमचा," ते म्हणाले. "इतकी वर्षं माझे पाहुणे झोपवलेत, आणि एकदासुद्धा मी तुम्हाला आधी विचारलं नाही."

"डबा मी परत आणून देणार हं," मी म्हटलं. "भरून. वेंगुर्ल्याला."

"या. भाजी कुठं मिळते ते दाखवतो."

आता हे लिहायला मला सोपं जात नाही. आम्ही दर वर्षी जुलैत पुण्याला जात होतो. पुण्याहून वेंगुर्ला एका रात्रीच्या बसचं अंतर. पहिल्या वर्षी सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. दुसऱ्या वर्षी मी डबा बॅगेत घालून नेलासुद्धा. पुण्याला पोचून चकल्या करून भरायचा, असा बेत होता. तर मी बँकेत गेले असताना सासूबाईंनी त्यात मेतकूट भरून टाकलं आणि प्रकाशच्या मावशीकडे धाडलं. दोन दिवस फोन करून तो परत मिळवला, तोवर मुंबईचं विमान चुकायची वेळ आली. मी आरोसकरांना वेंगुर्ल्याला फोन करून सांगितलं की या वर्षी जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की. बोलून फोन ठेवला आणि लक्षात आलं की हे वाक्य मी कुठं ऐकलं आहे.

पुढच्या वर्षी मार्चात त्यांच्या बहिणीचा फोन आला. आरोसकर दुपारी बागेत काजूखाली बाजलं टाकून झोपले होते, ते उठलेच नाहीत. बागेत बोंडं पडली होती, ती गोळा करायला मी त्यांना हाक मारायला गेले तर असे, असं ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि समोर फ्रिजवर तो डबा होता. जो माणूस लाडू पोचवायला दोन विमानं बदलून पृथ्वीच्या पलीकडे गेला, त्याच्याकडे मला एक रात्र बसमध्ये बसून जाता आलं नाही. याला काही कारण नव्हतं. वेळ होता, पैसे होते, फक्त घाई वाटत नव्हती.

मीनू तेव्हा कॉलेजला होती. तिनं सांगितलं की आता ती पुस्तिका छापत नाहीत, सगळं इंटरनेटवर आलंय. मी म्हटलं, मग आपलं नाव घाल. तिनं माझ्याकडे पाहिलं. "आर यू शुअर, मम्मा?" मी म्हटलं, लिही. दोन गाद्या, इंग्रजी, हिंदी, मराठी, जेवण शाकाहारी, सिगारेट चालणार नाही.

पहिली आली ती पोलंडची एक मुलगी, मस्कतला निघालेली. दारातच मी तिला चावी दिली. रात्री जेवताना ती नको म्हणाली. मी ऐकून घेतलं आणि वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, तुम्ही भाजी कुठं घेता? हे तिला कुणी शिकवलं होतं मला माहीत नाही, तिनं बहुधा सहजच विचारलं असेल. मी तिला बंदराजवळच्या बाजारात नेलं. पठाण म्हातारा झाला होता, पण अळू त्याच्याकडे होतं.

निघायच्या दिवशी मी दशम्या केल्या, कोरडी लसणाची चटणी केली आणि भरायला डबा शोधू लागले. स्टीलचे डबे होते, प्रवासात जड झाले असते. मीनू दाराशी उभी होती. मी फ्रिजवरचा निळ्या झाकणाचा डबा काढला तेव्हा ती मराठीत म्हणाली, "आई, तो काकांचा आहे." ती मराठी क्वचितच बोलते.

"हो ना बेटा," मी म्हटलं आणि दशम्या भरल्या.

पोलंडची मुलगी डबा घेऊन संकोचली. म्हणाली, मी हा तुम्हाला परत कसा करू? माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, अगं, आइस्क्रीमचा डबा तो, टाकून दे. हेच शब्द मी दहा वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर म्हटले होते. मी ते गिळले. तिला म्हटलं, जेव्हा परत येशील तेव्हा आण, घाई नाही. मग राहवेना म्हणून लिफ्टचं दार बंद होता होता सांगितलं की पण फार उशीर करू नकोस.

फ्रिजवरच्या त्या जागेवर मी अजून काही ठेवलेलं नाही.